फौजेतून घरी आल्यावर पुन्हा वर्दी घालायची असेल, तर वयाची अट नेमकी कुठे आडवी येते?

प्रश्न : माळावरचा शिपाई

नमस्कार. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई म्हणून १७ वर्षे नोकरी केली. मुदत संपत आली तेव्हा पुढच्या दोन वर्षांच्या वाढीबद्दल कंपनी ऑफिसातून विचारणा झाली होती. परंतु वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, घरात दुसरे कर्ते माणूस नाही, म्हणून मी ‘अनविलिंग’, म्हणजे वाढ नको, असे लिहून दिले आणि पेन्शन घेऊन गावी आलो. त्याला आता २० महिने झाले. गेल्या पावसाळ्यात वडील वारले. माझे वय आज ३८ आहे, अंगात रग आहे, आणि खरे सांगायचे तर घरी बसून दिवस जात नाही.

पुन्हा फौजेत जायचे असेल तर वयाची मर्यादा किती, असे मी कँटीनच्या रांगेत तिघांना विचारले आणि तीन उत्तरे मिळाली. एकाने ४० सांगितले, दुसऱ्याने ४५, आणि तिसरा म्हणाला की एकदा बाहेर पडलेल्याला दार कायमचे बंद. त्यातच, आपणही माजी सैनिक आहोत असे सांगणारे एक गृहस्थ भेटले. ‘वयाची सूट वरून मंजूर करून आणतो’ असे त्यांचे म्हणणे असून त्यासाठी त्यांनी ६० हजार रुपये मागितले आहेत. मी अजून होकार दिलेला नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहीत असत, तशीच माझीही लिहिली गेली. प्रत्यक्षात माझा जन्म दिवाळीतला आहे, म्हणजे कागदावरच्या वयापेक्षा मी पाच महिन्यांनी लहान आहे. ही तारीख दुरुस्त करून घेतली तर काही फायदा होईल का? वयाच्या अटीला अपवाद असतात असे ऐकतो, ते कोणासाठी असतात? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद : रेकॉर्डवाला (निवृत्त सुभेदार, क्लार्क)

जय हिंद. माझी बरीचशी नोकरी रेकॉर्ड ऑफिसात, इतरांची कागदपत्रे चाळण्यात गेली, त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल. सुरुवातीलाच सांगतो की आपण वयाबद्दल विचारत आहात, पण आपले घड्याळ वयाचे नाहीच; ते डिस्चार्जच्या, म्हणजे फौजेतून बाहेर पडल्याच्या, तारखेपासून चालू झालेले आहे.

आधी ज्या दारातून आपण बाहेर पडलात त्याविषयी. नियमित सेनेत शिपाई म्हणून पुन्हा जाण्यासाठी माजी सैनिकांची वेगळी भरती निघत नाही. २०२२ पासून शिपायाची भरती अग्निपथ योजनेतून होते आणि ती कोवळ्या मुलांसाठी आहे. योजना जाहीर झाली तेव्हा तिची मर्यादा साडेसतरा ते २१ वर्षे होती. कोरोनामुळे आधीची दोन वर्षे भरती झाली नव्हती, म्हणून त्या एका वर्षापुरती वरची मर्यादा २३ केली गेली. अपवाद कसा असतो ते इथे पाहून ठेवावे: तो सगळ्या उमेदवारांसाठी होता, जाहीर होता आणि एका वर्षापुरता होता.

आपल्यासाठी खरे दार आहे ते डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे, म्हणजे डीएससीचे. हे दल २५ फेब्रुवारी १९४७ रोजी उभे राहिले. त्याचे केंद्र केरळात कण्णूरला आहे आणि त्याची भरतीच मुळी माजी सैनिकांतून होते. दारूगोळ्याचे डेपो, आयुध निर्माण्या, हवाई तळ, संरक्षण संशोधनाच्या संस्था यांचा पहारा त्याच्याकडे असतो. त्याच्या भरतीच्या सूचनेत सर्वसाधारण ड्यूटीच्या शिपायासाठी वय ४६ च्या आत आणि क्लार्कसाठी ४८ च्या आत असे असते. त्याच सूचनेत खाली आणखी एक ओळ असते, जी वाचायची राहून जाते: डिस्चार्ज आणि पुनर्भरती यांच्यातील अंतर शिपायासाठी दोन वर्षांपेक्षा जास्त नसावे, क्लार्कला पाच वर्षांपर्यंत चालते. आपले २० महिने झालेले आहेत. म्हणजे वयाच्या हिशेबाने आपल्यापाशी आठ वर्षे आहेत आणि अंतराच्या हिशेबाने चार महिने. माझ्या टेबलासमोर चाळिशीच्या आतली, धडधाकट माणसे येऊन परत गेलेली मी पाहिली आहेत. त्यांपैकी वयात बसला नाही असा क्वचितच कोणी असे. ‘दोन वर्षे शेती बघतो, मग ठरवतो’ या एका वाक्याने त्यांचे नुकसान केले होते.

जन्मतारखेचा नाद सोडून द्यावा. फौज आपले वय भरतीच्या वेळी नोंदवलेल्या तारखेवरूनच मोजते, आणि १७ वर्षांच्या नोकरीनंतर, पेन्शनचे कागद त्याच तारखेवर निघालेले असताना, ती बदलून मागणे म्हणजे स्वतःच्याच कागदावर संशय उभा करणे होय. माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांचा वाद आपल्याला आठवत असेल. १० मे १९५० की १० मे १९५१, एवढ्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी याचिका मागे घेतली आणि १९५० हीच तारीख धरून ते त्याच वर्षी मे महिन्यात निवृत्त झाले. तिथे आपल्या पाच महिन्यांचा काय पाड? शिवाय आपल्याला त्या पाच महिन्यांची गरजही नाही.

आता वैद्यकीय बाजू. डीएससीला ‘शेप वन’ श्रेणी लागते. मनःस्थिती, श्रवण, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि दृष्टी या पाचही बाबतींत पहिली श्रेणी असा त्याचा अर्थ. पायदळातल्या माणसाची गाडी बहुधा दुसऱ्या अक्षरावर अडते, कारण इतकी वर्षे फायरिंग रेंजवर आणि मॉर्टरजवळ काढलेले कान वयाच्या मानाने लवकर थकतात. बाहेर पडताना ज्याने खालची वैद्यकीय श्रेणी लावून घेऊन डिसॅबिलिटी पेन्शन घेतली, त्याने नंतर ‘मी पूर्ण तंदुरुस्त आहे’ म्हणून रांगेत उभे राहावे, हे जमत नाही. आपले तसे नसेल अशी आशा आहे. डिस्चार्ज बुकातील चारित्र्याचा शेरा आणि सर्व्हिसमधील लाल शाईच्या, म्हणजे शिक्षेच्या, नोंदीही पाहिल्या जातात.

एक हिशेब मात्र आजच कागदावर मांडा. डीएससीची दुसरी पेन्शन हवी असेल तर तिथली १५ वर्षे भरावी लागतात. आपण ३८ व्या वर्षी गेलात तर ५३ व्या वर्षी ती पुरी होतील. जो ४५ व्या वर्षी जाईल त्याची १५ वर्षे साठीला पुरी होतील आणि तिथपर्यंत डीएससी कोणाला ठेवत नाही. म्हणजे वयाची मर्यादा ४६ असली, तरी दुसऱ्या पेन्शनच्या दृष्टीने खरी मर्यादा तिच्या कितीतरी अलीकडे आहे. पहिली पेन्शन चालू ठेवून नवी नोकरी स्वतंत्र मोजायची, की पहिली थांबवून दोन्ही नोकऱ्या जोडायच्या, हा पर्याय पुनर्भरतीच्या वेळी लेखी द्यावा लागतो. तो घाईत, शेजारच्या माणसाचे पाहून भरू नये.

त्या ६० हजारांबद्दल काय लिहू? वयाची वैयक्तिक सूट खिशातून काढून देणारा कोणताही अधिकारी नसतो, आणि आपल्याला सूट लागतच नाही. जी वस्तू आपल्याला नको आहे ती हे गृहस्थ आपल्याला विकत आहेत.

प्रतिसाद : रात्रपाळी

सुभेदार साहेबांनी सर्व लिहिलेच आहे. मी सध्या डीएससीत आहे, म्हणून आतली बाजू तेवढी सांगतो, कारण वयाचा प्रश्न भरतीच्या दिवशी संपत नाही.

मी आधीच्या पलटणीत हवालदार होतो. इथे आलो तो शिपाई म्हणून. बाहीवरच्या तीन फिती उतरवून ठेवल्या आणि पहिल्याच आठवड्यात ज्याच्या हुकमाखाली गार्ड ड्यूटी लागली तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान होता. त्याने अत्यंत अदबीने ‘उस्ताद, दो से चार आपकी’ म्हणून सांगितले, तरी घशाखाली उतरायला वेळ लागला. आपण शिपाई म्हणूनच बाहेर पडलात, त्यामुळे हे दुःख आपल्या वाट्याला येणार नाही. पण इतर वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कामाचे स्वरूप म्हणजे पहारा. डेपोच्या तारेच्या कुंपणालगत मचाण असते, खाली वाळूच्या बादल्या, शेजारी गवत कापून केलेला अग्निरोधक पट्टा. पहाटे दोन ते चार या वेळेत काहीही घडत नाही आणि नेमके तेच कठीण असते. विशीत माणूस झोपेशी भांडतो. चाळिशीनंतर कंबर, गुडघे आणि झोप तिघे मिळून त्याच्याशी भांडतात. वयाची अट का ठेवली आहे हे भरतीच्या सूचनेपेक्षा तिथे जास्त चांगले कळते. हत्यार तेच, शिस्त तीच, लष्करी कायदाही तोच लागू. ‘सिक्युरिटी’ हा शब्द वाचून कोणी मॉलच्या दारावरच्या नोकरीची कल्पना करू नये.

साहेबांच्या १५ वर्षांच्या हिशेबात एक भर घालतो. सुरुवातीची नेमणूक १० वर्षांची असते आणि त्यानंतरची वाढ आपली कामगिरी व वैद्यकीय श्रेणी पाहून मिळते. म्हणजे दुसरी पेन्शन ४८ व्या वर्षी आपले शरीर कसे असेल यावरही अवलंबून आहे. माझ्याबरोबरच्या एकाची साखर वाढली आणि श्रेणी घसरली, तेव्हा त्याचे गणित शेवटच्या टप्प्यात बिघडले. काही महिन्यांच्या तुटीवरून सैन्य दल न्यायाधिकरणात खटले लढवणारे आहेत. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये यासाठी आधीच मार्जिन ठेवून आत यावे.

प्रतिसाद : पोवई नाका

मूळ प्रश्नकर्ते दादांनी अपवाद कोणासाठी असतात असे विचारले आहे. एका अपवादाबद्दल मला नीट माहिती आहे, कारण माझ्या वहिनीसाठी आम्ही तो शोधला होता.

सेवेत असताना ज्यांच्या पतीचे निधन झाले, अशा पदवीधर महिलांना शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी सेनेत अधिकारी होण्यासाठी, वयात सवलत आहे. तांत्रिक प्रवेशाला इतर उमेदवारांची मर्यादा २७ असताना यांच्यासाठी ती ३५ आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांचे वय त्या सवलतीच्याही पुढे गेले होते. त्यांच्यासाठी संरक्षण मंत्रालयाच्या पातळीवर, मनोहर पर्रीकर मंत्री असताना, वयाची अट शिथिल करण्यात आली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. हे उदाहरण आमच्याकडे सर्वांना पाठ आहे, आणि त्याचा चुकीचा अर्थही तितकाच काढला जातो. सूट मिळाली ती फक्त वयाला. निवड मंडळाच्या मुलाखती, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण यांतून कोणी त्यांना सोडवले नव्हते. आपल्याहून कितीतरी लहान मुलींच्या बरोबरीने त्या पळाल्या.

माझी वहिनी तेव्हा ३३ वर्षांची होती आणि तिची पदवी अपुरी होती. पदवी पूर्ण होईतो पस्तिशी उलटली. वयाच्या अटीशी भांडताना आम्ही शिक्षणाच्या अटीकडे दुर्लक्ष केले, ही आमची चूक. म्हणून जिथे जिथे वयाची सवलत दिसेल तिथे तिच्या शेजारची अट आधी वाचावी, एवढे या अनुभवावरून सांगते.

प्रतिसाद : कुंपणावरचा

सर्व ठीक आहे, पण सामान्य शिपायाला दोन वर्षांची ओळ दाखवायची आणि मोठ्यांसाठी नियमच बदलायचे, हे कसे? जनरल अनिल चौहान ३१ मे २०२१ रोजी निवृत्त झाले आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ म्हणून परत वर्दीत आले. क्रिकेटपटूंना तर वय न विचारता हुद्दे मिळतात.

प्रतिसाद : रेकॉर्डवाला (निवृत्त सुभेदार, क्लार्क)

कुंपणावरचे साहेब, आपली तक्रार अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या करू या. जनरल चौहान यांची नेमणूक होण्याआधी जून २०२२ मध्ये तिन्ही दलांच्या सेवा नियमांत बदल अधिसूचित झाला होता. नेमणुकीच्या दिवशी ६२ पूर्ण न झालेले निवृत्त लेफ्टनंट जनरल वा जनरल दर्जाचे अधिकारी त्या पदासाठी विचारात घेता येतील, असा तो बदल होता. म्हणजे तिथेही वयाची मर्यादा आहे, आणि मर्यादा आधी लिहिली गेली, माणूस नंतर निवडला गेला. ती एका पदासाठी लिहिली हे खरे. पण गुपचूप लिहिली नाही. महेंद्रसिंग धोनी, कपिल देव यांचे प्रादेशिक सेनेतील हुद्दे मानद आहेत. भरतीचे नियम त्यांना लागूच होत नाहीत, त्यामुळे अपवादाच्या यादीत त्यांना धरण्याचे कारण नाही.

प्रादेशिक सेनेचा उल्लेख निघालाच आहे, तर प्रश्नकर्त्यांसाठी तोही पर्याय लिहून टाकतो. तिथे वयाची मर्यादा १८ ते ४२ आहे. पुण्यातील १०१ आणि कोल्हापुरातील १०९ या बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याच आहेत, त्यामुळे वातावरण परके वाटणार नाही. मात्र ही कायमची नोकरी नव्हे. बोलावले तेवढे दिवस वर्दी, बाकी आपला कामधंदा, अशी तिची मूळ कल्पना आहे. ज्याला महिन्याचा निश्चित पगार हवा त्याने हे समजून जावे. माजी सैनिकांच्या पर्यावरण बटालियनही याच सेनेत येतात. पहिली, १२७ क्रमांकाची, १९८२ मध्ये डेहराडूनला उभी राहिली आणि आपल्याकडे मराठवाड्यात वृक्षलागवडीसाठी १३६ क्रमांकाची, महार रेजिमेंटशी जोडलेली, २०१७ पासून आहे.

आणि वर्दीचाच आग्रह नसेल, तर मुलकी नोकरीत वयाचा हिशेब माजी सैनिकाच्या बाजूने इतका झुकलेला आहे की ऐकून हसू येते. केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांसाठी आपल्या प्रत्यक्ष वयातून लष्करी सेवेची वर्षे वजा करतात आणि उरलेले वय त्या पदाच्या मर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसले म्हणजे झाले. आपले ३८ वजा १७ म्हणजे २१. वरची तीन वर्षे धरली तर कागदावर आपण १८ वर्षांचे! महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, ते वेगळेच. या सवलतींना दोन वर्षांच्या अंतराची अट नाही, म्हणून त्या मागाहूनही चालतील. आधी चार महिन्यांचे दार पाहा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : माळावरचा शिपाई

सर्वांचा मनापासून आभारी आहे. परवा रात्री हे सर्व वाचल्यावर ट्रंकेतून डिस्चार्ज बुक काढले. चारित्र्याच्या रकान्यात ‘एक्झेम्प्लरी’, म्हणजे आदर्श, असा शेरा आहे, लाल शाईची नोंद एकही नाही, आणि वैद्यकीय श्रेणी बाहेर पडताना शेप वन होती. इतके दिवस मी वयाचीच चिंता करत बसलो आणि त्या पानावरच्या तारखेकडे पाहिलेसुद्धा नाही, याची लाज वाटते. तारीख पाहून हिशेब केला तर चार महिनेही पूर्ण नाहीत. तीन महिने आणि २२ दिवस उरले आहेत.

काल सकाळी बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात फोन लावला. पलीकडच्या बाबूने माझे नाव विचारले नाही, वयही विचारले नाही. ‘डिस्चार्ज की तारीख बोलो’ एवढेच म्हणाला. ती सांगितल्यावर थोडा वेळ थांबून त्याने पुढच्या भरतीला कोणकोणती कागदपत्रे आणायची ते सांगितले: डिस्चार्ज बुक मूळ प्रत, पेन्शनचा आदेश, शिक्षणाचा दाखला, फोटो. ते सर्व एका पिशवीत भरून ठेवले आहे. जन्मतारखेचा विषय मी काढला नाही.

रात्रपाळी साहेबांनी लिहिलेले वाचून बायकोने एकच विचारले, की पुन्हा १५ वर्षे रात्रीचे जागायचे का. त्यावर अजून आमचे बोलणे पूर्ण झालेले नाही. सुभेदार साहेबांनी कानांविषयी लिहिले होते, म्हणून उद्या तालुक्याला जाऊन खासगीत तपासणी करून घेणार आहे. डाव्या कानाने मोबाईल ऐकताना मी तो नकळत उजव्याकडे नेतो, हे घरच्यांनी मला आधीही सांगितले होते. ६० हजारवाल्या गृहस्थांचा फोन आला होता. सूट नको आहे असे सांगितल्यावर त्यांनी ४० वर खाली यायची तयारी दाखवली.

प्रतिसाद : रेकॉर्डवाला (निवृत्त सुभेदार, क्लार्क)

कान तपासण्याआधी डॉक्टरांकडून त्यातील मळ काढून घ्या. भरतीच्या तपासणीत कितीतरी लोक केवळ तेवढ्यासाठी तात्पुरते अपात्र ठरून पुढच्या तारखेची वाट पाहतात, आणि आपल्याला पुढची तारीख परवडणारी नाही.